पासी येथील भाऊबंदकी
(अमेरिकेच्या पहिल्या वकिलांच्या परस्परसंशयाची हकीकत)

परराष्ट्राच्या दरबारीं गेलेल्या वकिलांविषयीं आपली सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, त्यांचा खरा सामना त्या दरबारच्या मंत्र्यांशीं आणि शत्रुपक्षाच्या हेरांशीं असतो. इतिहासाच्या पुस्तकांत तहाचीं कलमें दिसतात व त्यांखालच्या सह्या दिसतात. परंतु त्या सह्या करणारे गृहस्थ एकमेकांशीं धड बोलत तरी होते कीं नाहीं, हें तेथें सहसा सांगितलेलें नसतें. वस्तुतः युद्धकाळीं परदेशीं पाठविलेल्या मंडळींस पहिला विरोधक पुष्कळदां आपल्याच बिऱ्हाडांत भेटतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्सला गेलेल्या वकिलांची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. ज्या तहानें त्या नवजात राष्ट्राचे प्राण वांचले तो तह करणारे तिघेजण एकमेकांस चोर, वेडा किंवा विश्वासघातकी समजत होते. आणि या गदारोळांत ज्याचा संशय घ्यावयास हवा होता तो एकच मनुष्य सर्वांचे कागद निर्वेधपणें वाचीत बसला होता.

इ. स. १७७६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं इंग्लंडपासून स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें, त्या वेळीं त्यांच्यापाशीं पुरेशी दारू नव्हती, पैसा नव्हता आणि नांव घेण्याजोगें आरमारहि नव्हतें. हें सर्व एकाच ठिकाणाहून मिळण्यासारखें होतें. सप्तवार्षिक युद्धांत इंग्रजांकडून मार खाऊन १७६३ सालीं कानडा गमावून बसलेला फ्रान्स सूड घेण्याची संधि पाहत होता. मात्र त्याचा परराष्ट्रमंत्री काउंट व्हर्जेन हा सावध मुत्सद्दी होता. अमेरिकनांचा टिकाव लागतो असें दिसल्यावांचून उघडपणें हात देण्यास तो तयार नव्हता. त्याचें मन वळविण्यासाठीं वसाहतींच्या प्रतिनिधिसभेनें, म्हणजे काँग्रेसनें, १७७६ च्या सप्टेंबरांत तीन वकील नेमले. बेंजामिन फ्रँक्लिन, सायलस डीन व टॉमस जेफरसन हीं तीं नांवें. जेफरसननें पत्नीच्या प्रकृतीमुळें नकार दिला, आणि त्याच्या जागीं लंडनमध्यें असलेल्या आर्थर लीची योजना झाली. या एका बदलानें पुढील अनर्थाचें बीज पेरलें गेलें असें म्हटल्यास चालेल.

तिघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. फ्रँक्लिन त्या वेळीं सत्तर वर्षांचा होता. विजेवरील प्रयोगांमुळें त्याची कीर्ति युरोपभर पसरलेली होती. त्याचा एकुलता हयात मुलगा इंग्रजांच्या पक्षास राहिल्यामुळें अमेरिकेंत कैदेंत पडला होता. तें दुःख पोटांत ठेवून दोन नातवांना बरोबर घेऊन म्हातारा समुद्र ओलांडून आला. कमी बोलावें, वाद टाळावा, आणि काळ आपल्या बाजूनें आहे असें समजून स्वस्थ राहावें, ही त्याची रीत. डीन हा कनेक्टिकटमधील लोहाराचा मुलगा. स्वकष्टानें शिकून व्यापारांत पुढें आलेला, खटपट्या, पण हिशेबांत ढिला. आर्थर ली हा व्हर्जिनियांतील एका बड्या घराण्यांतला. एडिंबरो येथें वैद्यक आणि लंडनला कायदा शिकलेला, कडवा देशभक्त, परंतु पराकाष्ठेचा संशयी. त्याचे भाऊ काँग्रेसमध्यें वजनदार होते, ही गोष्टहि ध्यानांत ठेवावयास हवी.

तंट्याचें मूळ तिघे एकत्र येण्यापूर्वींच पडलेलें होतें. ‘सेव्हिलचा न्हावी’ या नाटकाचा कर्ता बोमार्शे यानें अमेरिकेस गुप्त मदत पोंचविण्याची कल्पना प्रथम लंडनमध्यें लीशीं बोलून ठरविली. पुढें १७७६ च्या उन्हाळ्यांत काँग्रेसचा अधिकार घेऊन डीन एकटाच पॅरिसला आला, तेव्हां बोमार्शेनें लीला बाजूस सारून त्याच्याशीं व्यवहार सुरू केला. एका काल्पनिक स्पॅनिश पेढीचें नांव पुढें करण्यांत आलें. तिच्यांत फ्रान्सच्या राजानें दहा लक्ष लिव्हर घातले, स्पेननें तेवढेच घातले. आणि तोफा, बंदुका, दारू व कापड भरून जहाजें रवाना होऊं लागलीं. आतां प्रश्न असा कीं, हा माल देणगी होता कीं उधारी? ली काँग्रेसला कळवी कीं, ही फ्रान्सच्या राजाची भेट आहे व जो तिची किंमत मागतो तो लुच्चा होय. डीन कळवी कीं, माल उधार आहे, त्याच्या बदल्यांत तंबाखू पाठवा. व्यवहारच गुप्त असल्यामुळें खरें काय तें दाखविणारा कागद कोणापाशींच नव्हता. जेथें कागद नसतो तेथें कल्पनाशक्ति काम करूं लागते. आणि लीची कल्पनाशक्ति मोठी दांडगी होती.

फ्रँक्लिन पॅरिसजवळच्या पासी गांवीं शोमाँ नांवाच्या धनिकाच्या वाड्याच्या आवारांत राहूं लागला. डीनचेंहि जाणेंयेणें व राहणें तेथेंच. ली मात्र निराळा राहिला, आणि ‘आपल्यास वगळून तेथें मसलती चालतात’ ही समजूत त्याच्या मनांत रुजली. ती अगदींच खोटी नव्हती. हे दोघे त्याला खरोखरच टाळीत. नांत येथील बंदरावर फ्रँक्लिनचा एक आप्त खरेदीविक्रीचें काम पाहत असे. त्यांत अफरातफर आहे असें लीनें ठरविलें. तो दोघां सहकाऱ्यांकडे वारंवार हिशेब मागे आणि उत्तर न आल्यास तेंच पुराव्यादाखल आपल्या भावांस लिहून कळवी. त्यांत भर म्हणून काँग्रेसनें त्याचा भाऊ विल्यम ली यास व्हिएन्ना व बर्लिनसाठीं आणि राल्फ इझार्ड यास टस्कनीसाठीं वकील नेमलें. तेथील दरबारांनीं त्यांस स्वीकारलें नाहीं. मग हे रिकामे वकील पॅरिसमध्यें राहून या भांडणांत सामील झाले.

फ्रँक्लिन बहुतेक पत्रांना उत्तरच देत नसे. १७७८ च्या एप्रिलांत मात्र त्याचाहि तोल सुटला. लीचें मन संशयानें रोगट झालें आहे, त्यावर उपाय न केल्यास त्याची परिणति वेडांत होईल, अशा आशयाचें जळजळीत पत्र त्यानें लिहिलें. आणि लिहून झाल्यावर तें न पाठवितां ठेवून दिलें. तें पत्र आजहि उपलब्ध आहे. रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र टपालांत न टाकण्याचा हा संयम त्या बिऱ्हाडांत दुसऱ्या कोणालाहि साधला नाहीं.

आतां या नाटकांतील चौथ्या पात्राकडे वळूं. एडवर्ड बँक्रॉफ्ट हा मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मलेला डॉक्टर व रंगविद्येचा जाणकार. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद. लहानपणीं तो डीनचा विद्यार्थी होता. डीननें फ्रान्सला पोंचतांच त्याला गांठावें ही सूचना मूळ त्याच्या आज्ञापत्रांतच होती. डीननें त्याला बोलावून सर्व कांहीं विश्वासानें सांगितलें. त्यानें लंडनला परत जाऊन तें इंग्रज सरकारच्या कानावर घातलें, आणि १७७६ च्या अखेरीस वेतन ठरवून रीतसर हेरगिरी पत्करली. पुढें तो पासी येथें वकिलांचा जणूं चिटणीसच होऊन बसला. प्रेमपत्रांच्या ओळींमध्यें न दिसणाऱ्या शाईनें बातम्या लिहावयाच्या, तें पत्र बाटलींत घालावयाचें, आणि मंगळवारीं रात्रीं साडेनऊनंतर ती बाटली पॅरिसच्या ट्युइलरी बागेंतील एका झाडाच्या ढोलींत ठेवावयाची. इंग्रज वकिलातीचा मनुष्य येऊन ती घेऊन जाई. जहाजें केव्हां निघालीं, फ्रेंच मंत्री काय म्हणाले, कोणत्या कलमावर अडलें, हें सर्व अशा रीतीनें लंडनला पोंचत होतें.

वाचक विचारतील, कोणालाच शंका आली नाहीं काय? आली होती, आणि ती आर्थर लीलाच. बँक्रॉफ्ट इंग्रजांस मिळालेला आहे असें त्यानें स्पष्ट सांगितलें होतें, आणि तें अक्षरशः खरें होतें. परंतु ज्यानें फ्रँक्लिनवर, डीनवर, बोमार्शेवर, बंदरावरील दलालांवर, झाडून सर्वांवर आरोप केलेले, त्याच्या आणखी एका आरोपाला किंमत कोण देणार? शिवाय लीची स्वतःची सावधगिरी केवढी होती? १७७७ च्या जून महिन्यांत तो बर्लिनला गेला असतां तेथील इंग्रज वकिलाच्या माणसानें त्याच्या खोलींतून त्याचे कागद लांबविले आणि नक्कल करून परत आणून ठेवले. ज्याला त्यानें स्वतःचा चिटणीस म्हणून ठेवलें, तो थॉर्नटनहि इंग्रजांस बातम्या देत असे. भिंतीपलीकडच्यांवर डोळे वटारून बसलेल्या माणसाच्या उशाशींच चोर होता.

याहून मौजेची गोष्ट लंडनमध्यें घडत होती. बँक्रॉफ्ट व त्याचा वरिष्ठ हेर पॉल वेंटवर्थ हे मिळालेल्या बातम्यांवर शेअरबाजारांत सट्टा खेळत. तिसऱ्या जॉर्ज राजाला सट्टेबाजांचा तिटकारा होता. बाजारभाव हलविण्यासाठीं हे लोक फुगवून लिहितात, असें म्हणून त्यानें या अस्सल बातम्यांवर पुरतें लक्ष दिलें नाहीं. म्हणजे अविश्वासानें अमेरिकनांचें जेवढें नुकसान केलें, तेवढेंच त्यांच्या शत्रूचेंहि केलें.

फ्रँक्लिनची वृत्ति याहून निराळी होती. १७७७ च्या आरंभीं एका बाईनें त्याला पत्रानें सावध केलें कीं, आपणांभोंवतीं हेर आहेत. त्यानें उत्तर दिलें कीं, जें उघड झाल्यास लाज वाटेल असें आपण कांहीं करीतच नाहीं. आपला हुजऱ्या हेर असला तरी इतर बाबतींत तो चांगला असेल तर आपण त्यास काढणार नाहीं. हें उत्तर मोठें ऐटदार आहे खरें. पण त्या बेफिकिरीचा फायदा बँक्रॉफ्टला वर्षानुवर्षें मिळाला, हेंहि विसरतां येत नाहीं. मात्र दुसऱ्यांच्या संशयाचा उपयोग करून घेण्यांत हा म्हातारा किती निष्णात होता तें लौकरच दिसून आलें. १७७७ च्या आक्टोबरांत सॅराटोगा येथें एक सबंध इंग्रज सैन्य शरण आलें, आणि डिसेंबरांत ती बातमी पॅरिसला पोंचतांच इंग्लंडनें समेटाचा संदेश देऊन वेंटवर्थला पाठविलें. ६ जानेवारी १७७८ रोजीं फ्रँक्लिन त्याच्याशीं बराच वेळ बोलत बसला. फ्रेंचांची पाळत आपल्यावर आहे हें तो जाणून होता. अमेरिकन इंग्रजांशीं मिळतील या धास्तीनें दुसऱ्याच दिवशीं फ्रेंच राजाच्या मंत्रिमंडळानें तह करण्याचें ठरविलें. ६ फेब्रुवारीस तहावर सह्या झाल्या; त्या दिवसापर्यंत लीचा काकवीच्या जकातीच्या एका कलमावरून वाद चालूच होता. गंमत अशी कीं, काँग्रेसनेंहि पुढें तेंच कलम गाळून घेतलें. लीचें म्हणणें पुष्कळदां बरोबर असे. त्याची बोलण्याची तऱ्हा मात्र ऐकणाऱ्यास तें पटूं देत नसे.

याच फ्रेंच खटपटींची झुळूक त्या दिवसांत पुण्यापर्यंत आली होती. १७७७ सालीं सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला, आणि नाना फडणिसांनीं त्याचें जें आगतस्वागत केलें त्यानें मुंबई व कलकत्त्याच्या इंग्रजांच्या पोटांत धस्स झालें. पुढें वडगांवास संपलेल्या त्यांच्या स्वारीला हें भयहि एक कारण झालें. आणि पासी येथें तिघे वकील एकमेकांचे कागद चोरून पाहत असतां, १७७८ मध्येंच, बारभाईंच्या कारभारांत नानांचे चुलतबंधु मोरोबादादा यांनीं नानांना दूर सारून कारभार आपल्या हातीं घेतला होता. कांहीं महिन्यांनीं नानांनीं तो परत मिळविला. तेव्हां ही भाऊबंदकी कोणा एका देशाची मिरास नव्हे.

तह झाला तरी तंटा मिटला नाहीं. उलट त्याचा बळी आतांच पडावयाचा होता. डीननें अनेक फ्रेंच अधिकाऱ्यांस अमेरिकन सैन्यांत मोठमोठ्या जागा कबूल केल्या होत्या. त्यामुळें काँग्रेस आधींच चिडलेली होती, त्यांत लीच्या पत्रांचें तेल पडलें. डीनला परत बोलावण्यांत आलें. राजाकडून हिऱ्यांनीं मढविलेली डबी नजराण्यादाखल घेऊन तो मोठ्या दिमाखानें निघाला. निघण्याची वार्ता लीला कळूं दिली नाहीं, आणि आपले हिशेबाचे कागद मात्र पॅरिसलाच ठेवून गेला. काँग्रेसनें त्यास महिनेन् महिने ताटकळत ठेविलें. शेवटीं ५ डिसेंबर १७७८ रोजीं त्यानें लीबंधूंवर उघड हल्ला करणारा लेख वर्तमानपत्रांत छापविला. त्या वादळांत काँग्रेसच्या अध्यक्षानें राजीनामा दिला. परराष्ट्रसमितीचा चिटणीस टॉमस पेन हा लीच्या बाजूनें लिहावयास बसला आणि आवेशांत फ्रान्सची गुप्त मदत तहाच्या आधीपासूनची होती हें छापून मोकळा झाला. फ्रेंच वकिलानें हरकत घेतली. पेनला जागा सोडावी लागली. आणि अशी देणगी कधीं मिळालीच नाहीं, असा ठराव काँग्रेसला खोटेपणा पत्करून करावा लागला. घरचें भांडण चव्हाट्यावर नेलें कीं घरचें गुपित राखतां येत नाहीं, याचा हा धडा होय.

डीनच्या जागीं आलेला जॉन अॅडम्स हा करारी, अभ्यासू आणि तितकाच मानी मनुष्य. पासीस पोंचतांच त्याला आढळलें कीं, कचेरींत हिशेबाच्या वह्याच नाहींत. त्यानें वह्या घातल्या, पत्रव्यवहार लावून घेतला, आणि कोणत्याहि पक्षास न मिळतां १७७८ च्या मे महिन्यांत मायदेशीं लिहिलें कीं, तीन वकिलांचें येथें काम नाहीं, एकच असावा. असें झाल्यास स्वतःचीच जागा जाणार हें त्याला ठाऊक होतें. काँग्रेसनें तें मानून फ्रँक्लिनला एकटा वकील नेमलें. या सबंध प्रकरणांत स्वतःचें नुकसान होईल अशी खरी सूचना करणारा हा एकच मनुष्य दिसतो, आणि त्याबद्दल त्याला आमच्या मतें द्यावें तितकें श्रेय दिलें जात नाहीं.

अर्थात् अॅडम्स व फ्रँक्लिन यांचेंहि पुढें बिनसलें. १७८० सालीं अॅडम्सनें व्हर्जेनशीं कडक पत्रव्यवहार केला व फ्रँक्लिननें तो काँग्रेसकडे धाडला. अॅडम्सच्या मनाला ही जखम कायमची राहिली. १७८२ सालीं इंग्लंडशीं तहाचें बोलणें निघालें तेव्हां फ्रँक्लिन, अॅडम्स व जॉन जे हे तिघे पुन्हां पॅरिसांत जमले. जेला फ्रेंचांचा संशय, अॅडम्सला फ्रेंचांचा आणि फ्रँक्लिनचाहि. पॅरिसला आल्यावर तो फ्रँक्लिनला भेटावयास जाण्यासहि राजी नव्हता. एका स्नेह्यानें शिष्टाचाराची आठवण दिली तेव्हां कुठें गेला. जुनीच कहाणी पुन्हां सुरू होणार असें वाटावें, परंतु तसें झालें नाहीं. काँग्रेसची आज्ञा होती कीं, फ्रान्सच्या सल्ल्यावांचून पाऊल टाकूं नये. जे व अॅडम्स म्हणत कीं, ती पाळल्यास आपलें नुकसान होईल. फ्रँक्लिननें दोघांचें ऐकून घेतलें, आणि आपण त्यांच्या मताप्रमाणें चालूं असें सांगून टाकलें. मग जेनें हद्दीचा प्रश्न लावून धरला, अॅडम्सनें न्यूफौंडलंडजवळच्या मासेमारीचा. ३० नोव्हेंबर १७८२ रोजीं प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या, आणि मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलुख अमेरिकेस मिळाला. फ्रँक्लिन एकदिलानें वागला असें अॅडम्सनें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. व्हर्जेन रागावला तेव्हां फ्रँक्लिननें शिष्टाचारांतील उणीव कबूल केली, आणि आपल्यांत फूट पडली असें इंग्रजांस वाटूं देऊं नये एवढीच विनंति करून वर साठ लक्ष लिव्हरांचें नवें कर्जहि मिळविलें!

या तिघांत प्रेम उत्पन्न झालें होतें असें कोणी समजूं नये. पुढच्याच वर्षीं फ्रँक्लिननें एका पत्रांत लिहिलें कीं, अॅडम्स हा सदैव प्रामाणिक, पुष्कळदां शहाणा, पण कांहीं गोष्टींत भ्रमिष्ट आहे. मग १७७७ चें बिऱ्हाड आणि १७८२ चें मंडळ यांत फरक कोणता? आमच्या मतें तो असा कीं, दुसऱ्या वेळीं मतभेद समोरासमोर बोलले गेले, कामें वांटून घेतलीं गेलीं, आणि निर्णय झाल्यावर कोणीहि भावाला किंवा वर्तमानपत्राला निराळें पत्र लिहिलें नाहीं. पहिल्या वेळीं याच्या अगदीं उलट होतें. ज्या घरांत चार कर्ते पुरुष एका तिजोरींतून खर्च करतात तेथें जमाखर्चाची वही उघडी असावी लागते, हें आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. डीन चोर होता असें कधींच सिद्ध झालें नाहीं. पण वही नव्हती म्हणून तो प्रामाणिक होता हेंहि त्याला सिद्ध करतां आलें नाहीं. आणि लीनें आपला संशय सर्वांवर सारखा वांटला नसता, तर एका खऱ्या हेराविरुद्ध त्याचा शब्द फुकट गेला नसता.

या मंडळींचा शेवट सांगून हा लेख पुरा करतों. डीन निराश होऊन युरोपांत भटकला. युद्धाबद्दल त्यानें लिहिलेलीं खिन्न पत्रें शत्रुपक्षानें छापलीं, आणि त्याला देशद्रोही ठरविण्यांत आलें. १७८९ च्या सप्टेंबरांत मायदेशीं परत निघाला असतां जहाज इंग्लंडचा किनारा सोडतें न सोडतें तोंच तो वारला. बोमार्शे १७९९ सालीं पैसे न मिळतांच गेला. त्याच्या वारसांस १८३५ सालीं आठ लक्ष फ्रँक मिळाले. १८४२ सालीं काँग्रेसनें डीनचा हिशेब पुन्हां तपासून पूर्वींच्या तपासणींत मोठा अन्याय झाल्याचें मान्य केलें व त्याच्या वारसांस सुमारें सदतीस हजार डॉलर दिले. बँक्रॉफ्ट मात्र शेवटपर्यंत फ्रँक्लिनचा स्नेही म्हणून मानानें जगला व १८२१ सालीं मरण पावला. इंग्रज हेरखात्याच्या प्रमुखाचे कागद पुढें १८८९ च्या सुमारास प्रसिद्ध होऊं लागले, तेव्हां जगाला कळलें कीं, आर्थर लीच्या शेंकडों आरोपांपैकीं हा एक शंभर वर्षांपूर्वींच बरोबर ठरला होता.